सहा एअरबॅगा आहेत ना, मग मागे बेल्ट कशाले? (खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी धागा)

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. घरात नवी गाडी आली आहे, सहा एअरबॅगावाली. मागच्या आठवड्यात पारोळ्याला लगन होतं, सगळे निघालो. मी मागे बसलेल्यांना म्हटलं बेल्ट लावा, तर मोठे काका म्हणे, "सहा सहा एअरबॅगा घेतल्या ना तू, मंग बेल्ट कशाले लावू राहिला आम्हाले?" सगळे हसले आणि विषय संपला. आणि खरं सांगायचं तर मागे बकल दिसतच नव्हते, सीटकव्हरवाल्याने कव्हर ताणून बसवताना ते खाली दाबून टाकलेले. एरंडोल ते पारोळा हायवेवर ट्रक, ट्रॅक्टर, उलट्या साईडने येणाऱ्या मोटारसायकली, सगळं तुम्हाला माहीतच आहे, माझा जीव पूर्ण रस्ता टांगणीला. मला काकांना नीट पटवायचंय, रागावून नाही, समजावून. तर जाणकारांनी सांगा, एअरबॅग असली की बेल्ट लागत नाही हे कितपत खरं? मागच्या माणसाला कितपत धोका असतो? आणि माझ्या बहिणीचं लेकरू दीड वर्षाचं आहे, ती त्याला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसते, त्याचं काय करायचं?

गॅरेज_धुळे
भाऊ पहिले सहा एअरबॅगा कुठे कुठे असतात ते काकांना दाखवा, अर्धं काम तिथेच होईल. एक स्टिअरिंगमध्ये, एक डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्ये, दोन पुढच्या सीटच्या पाठीत दाराच्या बाजूने, आणि दोन पडद्यासारख्या छताच्या कडेला, दोन्ही बाजूच्या काचांवर उतरणाऱ्या. झाल्या सहा. आता मोजा, मागे बसलेल्या काकांच्या समोर किती? एकही नाही. पडदा एअरबॅग मागेपर्यंत येते पण ती बाजूने धडक बसली तर डोकं काचेवर आपटू नये म्हणून. समोरून ठोकली तर काकांना धरणारं काय आहे, फक्त बेल्ट. म्हणजे सहा एअरबॅगाच्या गाडीत बेल्टची सगळ्यात जास्त गरज मागच्यालाच आहे, आणि लोक नेमकं उलटं समजतात.

फिजिक्सवाला_अमळनेर
वरच्या भावांनी मुद्दा बरोबर पकडला. मी थोडा हिशोब देतो, वर्गातही हाच देतो.

५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते आणि आत बसलेला माणूससुद्धा त्याच वेगाने जात असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही कारण आपण सीटवर निवांत बसलेलो असतो. त्या वेगाने भिंतीला धडकणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. १०० च्या स्पीडला ते दुप्पट होत नाही, चौपट होतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

आता धडक एक नसते, तीन असतात. गाडी समोरच्या वस्तूला धडकते ती पहिली. गाडी थांबली तरी माणूस पुढे जात राहतो आणि स्टिअरिंग, डॅश किंवा पुढच्या सीटला धडकतो ती दुसरी. आणि शरीर थांबलं तरी आतला मेंदू, काळीज, लिव्हर पुढे जातात आणि कवटीला किंवा बरगड्यांना धडकतात ती तिसरी. बाहेरून खरचटलंही नाही आणि माणूस गेला असं आपण ऐकतो ना, ते बऱ्याचदा या तिसऱ्या धडकेने.

वाचायचं म्हणजे काय करायचं, तर थांबायला जास्त अंतर मिळवायचं. जोरात आलेला कॅच घेताना हात मागे नेतो तसंच. गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवलेलं असतं, ते अर्धा मीटरभर चेपतं, आणि बेल्ट लावलेला माणूस गाडीला बांधलेला असल्याने त्याला त्या सगळ्या अंतराचा फायदा मिळतो. ५० ला हिशोब केला तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट जोर येतो, तो बरगड्या आणि कमरेचं हाड सोसू शकतात. बेल्ट नसलेला माणूस गाडी चेपत असताना मोकळाच पुढे जात असतो, तो डॅशला पोचतो तोवर गाडी थांबून गेलेली असते आणि मग तो १० सेंटीमीटरमध्ये थांबतो. तिथे हाच आकडा १०० पटीच्या आसपास जातो. दोघं एकाच गाडीत, एकाच धडकेत.

आणि मांडीवरच्या लेकराचा हिशोब यातूनच निघतो. १० किलोचं लेकरू गुणिले २०, म्हणजे त्या क्षणी आईला २०० किलो धरून ठेवायचेत, तेही काही कळायच्या आत. जगातली कुठलीच आई ते धरू शकत नाही, प्रेम कितीही असो. हात सुटणारच.

शिंदखेडा_आबा
पोरंहो सगळं वाचलं. तुमचं शास्त्र बराबर असेल, पण मी उभं आयुष्य या रस्त्यांवर गाडी चालवली, दोंडाईचा, शिरपूर, नवापूर, कधी बेल्ट लावला नाही. माझी भीती वेगळी आहे. गाडी तापीच्या पुलावरून खाली गेली किंवा पेटली तर माणूस बेल्टमध्ये अडकून मरेल ना? आणि ते बेल्ट तर इतके ढिले असतात, हाताने ओढला की सरसर येतो, तो काय धरणार मला?

गॅरेज_धुळे
आबा, ढिला येतो तो बिघाड नाही, तो तसाच बनवलेला आहे. आत रीळ असतं. हळू ओढलं की सुटतं म्हणजे तुम्हाला वाकता यावं, मागे वळून पाहता यावं. झटका दिला की लॉक. आता गाडीत जाऊन एकदा झटक्याने ओढून बघा, तिथल्या तिथे अडकेल. ते रीळ दोन गोष्टींनी लॉक होतं, एक पट्टा झटक्यात ओढला गेला तर आणि दुसरं गाडीनेच एकदम ब्रेक खाल्ला किंवा वाकडी झाली तर.

नव्या गाड्यांत पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर असतो. त्यात फटाक्यासारखी बारीकशी स्फोटक दारू असते, धडक ओळखली की ती उडते आणि माणूस पुढे सरकायच्या आत पट्टा काही सेंटीमीटर मागे ओढून घेते, ढिलाई संपते. आणि लगेच त्याच्या पुढचं काम लोड लिमिटरचं. जोर फार वाढला की तो पट्टा थोडा थोडा सोडतो म्हणजे पट्ट्यानेच बरगड्या मोडू नयेत. पहिले आवळायचं मग हिशोबाने सोडायचं, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मला स्वतःला गाडीतलं हे काम सगळ्यात भारी वाटतं आणि लोकांना त्याचं नावही माहीत नसतं.

फिजिक्सवाला_अमळनेर
आबा, पाणी आणि आगीबद्दल. एकूण अपघातांत असे अपघात फार थोडे असतात, पण तेही धरून चालू. पुलावरून गाडी खाली गेली तर पाण्यावर आपटणं हीच एक मोठी धडक आहे. त्यात बेल्ट नसलेला माणूस डोकं आपटून बेशुद्ध होतो आणि बेशुद्ध माणूस दार उघडू शकत नाही, काच फोडू शकत नाही. शुद्धीवर असलेला माणूस लाल बटण दाबून बाहेर येतो. तुमची भीती खरी आहे म्हणून एक उपाय सांगतो, बेल्ट कापायचं आणि काच फोडायचं छोटं हत्यार बाजारात मिळतं, ते हाताशी ठेवा.

आणि आज आपण लावतो तो तीन जागी अडकणारा बेल्ट १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीत नील्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने आणला. आधी ते विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचे, म्हणजे झटक्यात माणसाचं शरीर कुठे किती सोसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून पट्टा छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर येतो, मऊ पोटावर नाही. कंपनीने ते पेटंट बाकी सगळ्या गाडीवाल्यांना वापरू दिलं. किती जीव वाचले असतील त्या एका निर्णयाने.

सिस्टर_जळगाव
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, हायवेवरचे पेशंट आमच्याकडे येतात, त्यामुळे मनापासून लिहिते. बेल्ट लावलेल्या पेशंटच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा काळानिळा वळ दिसतो. कधी कॉलरबोन मोडलेलं असतं, कधी एखादी बरगडी. नातेवाईक म्हणतात बेल्टमुळे लागलं. मी त्यांना सांगते, हा वळ नसता तर आज मी तुमच्याशी वेगळंच बोलत असते.

पण बेल्ट चुकीचा लावला तर मात्र तो खरंच इजा करतो. कमरेचा पट्टा पोटावर आला तर आतडं फाटू शकतं. तो खाली, मांडीच्या वर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. वरचा पट्टा गळ्याला घासू नये म्हणून काही लोक तो काखेखालून घेतात किंवा पाठीमागे टाकतात, ते अजिबात करू नका. बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावर पट्टा वरखाली करायची सोय असते, ती वापरा, पट्टा खांद्याच्या मधोमध येऊ द्या. आपल्याकडच्या बायका म्हणतात साडी चुरगळते, पदराची पिन रुतते. पिन बाजूला घ्या आणि पट्टा पदराच्या वरून घ्या. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा कधीच नाही.

सुरतवाला_नंदुरबार
ताई फार महत्त्वाचं लिहिलं. माझा प्रश्न आहे, आमचं सुरतला येणं-जाणं सारखं, रात्री निघतो कोंडाईबारी घाटातून. बाजूला बसणारा सीट पूर्ण मागे पाडून झोपतो पण बेल्ट लावलेला असतो, ते चालतं का? आणि कोणी कोणी पाय डॅशवर ठेवतात.

सिस्टर_जळगाव
नाही चालत दादा. सीट पाडली की वरचा पट्टा छातीपासून लांब लटकत राहतो आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून सरकतो, कमरेचा पट्टा पोटात घुसतो. मणक्यालाही मार बसतो. झोपायचंच असेल तर सीट थोडीच मागे घ्या, पाठ टेकलेली राहील इतकीच. आणि पाय डॅशवर ठेवलेले असताना एअरबॅग उघडली तर गुडघे तोंडावर येतात, मांडीचं हाड, कंबर सगळं जातं. शेजारच्याने पाय वर ठेवले तर गाडी थांबवा पण खाली घ्यायला लावा.

ड्रायव्हर_शिरपूर
मी ऐकलंय बेल्ट नाही लावला तर एअरबॅग उघडतच नाही, कॉम्प्युटर बघतो म्हणे. खरं काय?

गॅरेज_धुळे
हे आपल्याकडे सगळीकडे बोललं जातं. गाडीगाडीनुसार सेटिंग वेगळं असतं त्यामुळे एकच नियम सांगता येत नाही, पण बऱ्याच गाड्यांत उलटं आहे, बेल्ट नसेल तर एअरबॅग कमी जोराच्या धडकेतही उघडते. कारण बेल्ट नसलेला माणूस लवकर पुढे येतो हे कंपनीला माहीत असतं. पण उघडली म्हणून वाचला असं नाही हो. नीट समजून घ्या, ती हवेची उशी नाही. सेन्सर धडक ओळखतो, आतलं रसायन पेटतं, त्याचा गॅस पिशवीत भरतो आणि धडकेपासून साधारण ५० मिलिसेकंदाच्या आत पिशवी तयार. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने ती बाहेर येते. आणि फुगली की लगेच मागच्या भोकांतून गॅस सोडत बसायला लागते, म्हणजे माणूस तिच्यात रुततो आणि हळू थांबतो. हे सगळं बसवलंय ते बेल्टने धरलेल्या माणसासाठी, जो ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेला पिशवीवर येतो. मोकळा माणूस ब्रेक लागतानाच पुढे सरकलेला असतो, मग पिशवी फुगत असतानाच त्याच्या तोंडावर, मानेवर बसते. म्हणून छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटीमीटर तरी अंतर ठेवा. आमच्याकडे काही बुटके ड्रायव्हर स्टिअरिंगला चिकटून बसतात, त्यांनी सीट उंच करून थोडं मागे व्हावं.

उघडल्यावर गाडीत पांढरा धुरळा होतो, लोक आग लागली म्हणून घाबरतात. ती पिशवीवरची पावडर आणि गॅस असतो. डोळे चुरचुरतात, काच उघडा आणि बाहेर या.

भुसावळ_आई
मांडीवरच्या लेकराचं वाचून अंगावर काटा आला. मग लहान बाळाला कसं न्यायचं? बेबी सीट पुढे लावली तर आपलं लक्षही राहतं.

सिस्टर_जळगाव
ताई, पाठ पुढे करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगच्या समोर कधीच लावू नका. एअरबॅग थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. बाळाची सीट मागेच लावायची. आणि लहान बाळांचं तोंड मागच्या काचेकडे ठेवायचं, सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीपर्यंत जितकं जमेल तितकं, कारण डोकं जड आणि मान कच्ची असते, धडकेत पूर्ण पाठीला आधार मिळतो. मोठ्यांचा बेल्ट साधारण १४५ सेंटीमीटर उंची झाल्यावर नीट बसतो, तोवर खाली बूस्टर, म्हणजे लेकराला उंच करणारी छोटी बैठक द्यावी म्हणजे पट्टा गळ्यावर येणार नाही. आणि एकाच बेल्टमध्ये आई आणि लेकरू दोघं नको, आईच्या अंगाखाली लेकरू दाबलं जातं.

फिजिक्सवाला_अमळनेर
कायद्याचंही सांगून ठेवतो कारण काकांसारख्या लोकांना तेही पटतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ बी कलम आलं, बेल्ट नसेल तर १००० रुपये दंड, आणि १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तरी तितकाच. मागच्या सीटलाही बेल्ट बंधनकारक आहे. ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्याची त्यानंतर. सहाची सक्ती करायचं चाललं होतं पण ती झाली नाही.

मागच्या सीटचं म्हणाल तर सप्टेंबर २०२२ मधला पालघरजवळ चारोटीचा अपघात आठवा, सूर्या नदीच्या पुलावर. सायरस मिस्त्री मागे बसलेले होते. गाडी महागातली, एअरबॅगा भरपूर. मागचे दोघं गेले, त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. आणि हेही सांगा काकांना की मागचा मोकळा माणूस स्वतःच मरत नाही, तो त्या सगळ्या जोराने पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढे बेल्ट लावून बसलेल्याला स्टिअरिंगवर चेपतो. मागे काका आणि पुढे पुतण्या असला तर काकांनी बेल्ट न लावणं हा पुतण्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

शिंदखेडा_आबा
हे शेवटचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. नातू गाडी चालवतो, मी मागे बसतो. बेल्ट लावाले काय जास, लावू.

बोलेरो_साक्री
आमच्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसवलाय, गुरं, रानडुकरं मधे येतात म्हणून. त्याने एअरबॅगवर परिणाम होतो का?

गॅरेज_धुळे
होतो भाऊ. गाडीचं नाक किती आणि कसं चेपतं त्यावर सेन्सरचा हिशोब बसवलेला असतो. गार्ड थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो, तो धक्का दुसरीकडे नेतो, मग एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडतच नाही. शिवाय चेपायची जागाच संपली तर तो सगळा जोर माणसावर. पायी चालणारा किंवा मोटारसायकलवाला मधे आला तर त्याची तर गतच नाही. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितली. माझ्याकडे गार्ड बसवायला येतात त्यांना मी परत पाठवतो.

अजून एक, उभ्या ट्रॉलीच्या किंवा ट्रकच्या मागून गाडी खाली घुसली तर बंपर कशाला लागतच नाही, थेट काचेवर मार बसतो, तेव्हा एअरबॅग उघडेलच असं नाही. आपल्याकडे केळीचे ट्रक आणि कापसाच्या ट्रॉल्या रात्री विनारिफ्लेक्टर उभ्या असतात, तिथे सगळ्या एअरबॅगांपेक्षा कमी स्पीड कामाला येतो.

भुसावळ_आई
डॅशवर गणपती बाप्पा आहेत, घरच्यांची श्रद्धा आहे, काढायला सांगवत नाही.

गॅरेज_धुळे
काढायचं नाही ताई, जागा बदलायची. डाव्या बाजूला जिथे एअरबॅग लिहिलंय त्या झाकणावर काही नको, ना मूर्ती, ना अत्तराची बाटली, ना मोबाईल स्टँड. तिथलं झाकण उडतं तेव्हा वरची वस्तू गोळीसारखी येते. मधोमध चपटी छोटी मूर्ती चिकटवा, बाप्पा तिथेही आहेतच. स्टिअरिंगच्या मधल्या भागावरही काही चिकटवू नका. पुढच्या सीटला कव्हर घेताना बाजूच्या एअरबॅगची शिवण मोकळी असलेलंच घ्या, जाड कव्हरने ती अडते.

आणि बकलमध्ये घालायची ती खोटी क्लिप, आवाज बंद करायची, ती कोणी वापरत असेल तर आजच फेका. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्यांना ती काढून टाकायला लावली. आवाज त्रासासाठी नाही दिलेला.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना पूर्ण धागा वाचून दाखवला, पुतण्यावालं ऐकून गप्प झाले. सीटकव्हरवाल्याकडून बकलच्या जागी कव्हर कापून घेतलं, तिन्ही बकल वर आले. बहिणीने चाइल्ड सीट मागवलीय. आता प्रश्न मित्राचा, तो जळगावहून जुनी गाडी घेतोय, तिची एअरबॅग चालू आहे की नाही हे कसं ओळखायचं?

गॅरेज_धुळे
चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो, हे चांगलं. लागून राहिला तर सिस्टीममध्ये बिघाड. अजिबात लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण उडालेल्या एअरबॅगच्या जागी नवी न बसवता दिवा काढून टाकणारे किंवा रेझिस्टर (विजेचा छोटा पार्ट) टाकून दिवा फसवणारे लोक आहेत. फक्त वरचं झाकण नवं बसवतात, आत काहीच नसतं. स्टिअरिंगचं आणि डॅशचं झाकण बाकी डॅशपेक्षा नवं, वेगळ्या रंगाचं दिसतं का बघा. बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, खाली लेबलवर तारीख असते, ती गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा. पट्टा उसवलेला, ताणून चमकलेला, मागे न जाणारा असेल तर समजा मोठी ठोकर खाल्लीय. एकदा प्रीटेन्शनर उडाला की ते बेल्ट दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावं लागतं. आणि घेण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपला स्कॅनर लावून घ्या, थोडे पैसे जातील पण बिघाडाचे कोड दिसतात. मित्राला म्हणा गाडी घेऊन धुळ्याला आला तर मी झाकणं बघून देतो, त्याचे पैसे नाही घेणार.